व्याकरणाने लावलेले लग्न

वऱ्हाडात ‘हायब्रीड’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. १९६४ साली सीएसएच-१ नावाची संकरित ज्वारी आली आणि पुढे अमरावती-अकोल्याच्या वावरांतून संकरित ज्वारी अशी पसरली की, घरोघरी भाकरीलाच लोक ‘हायब्रीड’ म्हणू लागले. जुन्या बाया ती थापताना नाक मुरडायच्या. गावरान ज्वारीची चव हिला नाही म्हणायच्या. पण कोठी भरत होती, म्हणून थापायच्याही. मागोमाग कपाशी आली. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे वाण तयार केले आणि संकरित कापसाची व्यापारी लागवड करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. १९७२ साली धारवाडहून ‘वरलक्ष्मी’ आली. ती तर कापसाच्या दोन वेगवेगळ्या जातींच्या संकरातून जन्मलेली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही आपली संकरित वाणे दिली. मग जर्सी आणि होल्स्टिनच्या संकरित गाई गोठ्यांत आल्या. आणि शब्द इतका रुळला की, अंगात दम नसलेल्या पोराला म्हातारी माणसे सरळ म्हणू लागली, ‘हायब्रीड पिढी हाय बाप्पा, चालाचंच!’

मी बँकेत अधिकारी होतो तेव्हा या हायब्रीडच्या जोरावरच आमची कर्जाची खाती चालत. पीककर्जाच्या अर्जात बियाण्याचे वाण लिहावे लागे, गाईच्या कर्जात तिची जात. त्यामुळे ‘संकर’ हा शब्द मी कथा-कादंबऱ्यांत जितका लिहिला नसेल तितका त्या छापील अर्जांवर लिहिला आहे. परंतु ज्या संकराबद्दल आज लिहायचे आहे, त्याला कर्ज कोणी मागितले नाही आणि त्याचे बियाणे कुठल्याही कृषी केंद्रात मिळत नाही. तरीही अमरावतीपासून अकोटपर्यंत कुठल्याही पारावर विचारा, तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस हमखास भेटेल. हा संकर म्हणजे नाग आणि धामण यांचा.

१९८७ सालची गोष्ट असावी. दर्यापूर तालुक्यात पीकपाहणीला गेलो होतो. काळ्या मातीच्या त्या सपाट मुलखात वावराच्या धुऱ्यावर पाच-सात माणसे काठ्या घेऊन उभी होती. मध्ये एक लांबलचक साप मरून पडला होता. निमुळती मान, मोठे डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. धामण होती, हे माझ्यासारख्यालाही कळत होते. मी म्हटले, ‘अहो, धामण तर बिनविषारी. उंदीर खाते. हिला का मारले?’ त्यावर एक वयस्कर शेतकरी शांतपणे म्हणाले, ‘सायब, साधी धामन नाही हे. नागाची अन् धामनीची औलाद हाय. हायब्रीड! मांगच्या पंधरवाड्यात याच धुऱ्यावर दोघं वेटोयं घालून उभे होते, आमच्या डोयानं पाह्यलं.’ मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचे वाक्यही टाकले, ‘तुमी ब्यांकेचे लोक कागद पाह्यता, आमी वावर पाह्यतो.’

या वाक्याला त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. माणूस खोटे बोलत नव्हता. त्याने खरोखरच काहीतरी पाहिले होते. प्रश्न असा की, काय पाहिले होते?

याचा विचार करताना मला प्रथम जाणवली ती आपल्या भाषेची करामत. मराठीत नाग पुल्लिंगी आणि धामण स्त्रीलिंगी. तो नाग, ती धामण. दोघेही आकाराने मोठे, दोघेही उंदरांच्या मागे वावरात फिरणारे, त्याच बिळांत आणि त्याच कडब्याच्या गंजीखाली सापडणारे. नागाने फणा काढलेला नसेल तर पळताना चटकन ओळखू न येणारे. असे दोघे एकाच शिवारात राहतात आणि एकाला आपण ‘तो’ म्हणतो, दुसरीला ‘ती’. मग त्यांचे लग्न लावायला आणखी कोणता भटजी हवा? अजगर पुल्लिंगी, पण त्याच्या जोडीला कोणी घोणस दिली नाही, कारण ती दोघे शेजारी दिसत नाहीत. फुरसे बिचारे नपुंसकलिंगी, त्याच्या सोयरिकीचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. नागाला हक्काची नागीण आहे. हिंदी सिनेमाने तर तिला इतके नाचवले की, नागापेक्षा तीच प्रसिद्ध झाली. पण सिनेमातली नागीण पडद्यावर राहिली आणि वावरात रोज दिसणारी धामण नागाची बायको ठरली. धामणीच्या नराला मात्र आपल्या भाषेत वेगळे नावच नाही. तोही ‘ती’च. म्हणजे निम्म्या धामणी नर असतात, ही साधी गोष्ट आपल्या व्याकरणाने झाकून टाकली.

आणि नेमके इथेच त्या वेटोळ्याचे कोडे सुटते. धुऱ्यावर शरीराचा पुढचा भाग उंच उचलून, एकमेकांना पीळ घालून डोलणारे ते दोन साप म्हणजे बहुतेक वेळा दोन धामणी असतात, आणि त्या दोन्ही नर असतात. त्यांचे प्रेम चाललेले नसते, कुस्ती चाललेली असते. मादीसाठी किंवा हद्दीसाठी दोन नर असे झुंजतात. चावत नाहीत, जखमा करीत नाहीत. एकमेकांचे डोके खाली दाबायचे, एवढाच डाव. ज्याचे डोके खाली गेले तो निघून जातो. आपल्याकडच्या आखाड्यातली कुस्ती आणि ही कुस्ती यांत फरक इतकाच की, इथे पंच नसतो आणि मागाहून वाद होत नाहीत. सापांचे खरे मीलन यापेक्षा कितीतरी शांत असते. नर-मादी जमिनीलगत एकमेकांशेजारी पडून राहतात, कित्येकदा तासन् तास. ते पाहायला गर्दी जमत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही नसते.

कुस्ती मात्र पाहण्यासारखी असते. म्हणून आपल्याकडे तिच्यावर नवे कापड टाकायचे आणि ते कापड तिजोरीत ठेवायचे, म्हणजे घरात लक्ष्मी नांदते, असा समज रूढ झाला. दोन पहिलवानांच्या घामाचा पंचा जपून ठेवण्यातला हा प्रकार! माझ्या नोकरीच्या काळात असे कापड जपणारी दोन-तीन घरे मला माहीत होती. त्यांच्या खात्यांची स्थिती काय होती, हे सांगणे बँकेच्या गोपनीयतेच्या नियमात बसत नाही.

कधी कधी मात्र खरोखरच नाग आणि धामण एकमेकांत गुंतलेले दिसतात. तेही खोटे नाही. नाग उंदीर-बेडूक खातो, तसाच प्रसंगी दुसरा सापही खातो. अशा वेळी ज्याला आपण वरात समजतो, ते जेवण असते.

आता कोणी म्हणेल, दोन जातींच्या कापसाचा संकर होतो, घोडा आणि गाढव यांचे खेचर होते, तर नाग-धामणीचेच का होऊ नये? प्रश्न रास्त आहे. घोडा आणि गाढव हे जवळचे भाऊबंद. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि त्यामुळे ते सहसा निर्वंश राहते. इतक्या जवळच्या नात्यात ही अडचण! नाग आणि धामण तर वेगवेगळ्या कुळांतले. नागाचे कूळ मण्यारीचे, धामणीचे कूळ वेगळे. ही दोन कुळे काही कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून फुटली. रंगाने आणि लांबीने ते सारखे दिसत असतील, पण नात्याने कुत्रा आणि मांजर यांच्यासारखे दूरचे.

शिवाय निसर्गाने या घराला एकच कुलूप लावलेले नाही. सापाचा नर मादीला मुख्यतः जिभेने ओळखतो. जीभ बाहेर काढून तो हवेतले आणि जमिनीवरचे गंधाचे कण उचलतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोहोचवतो. मादीच्या कातडीवर तिच्या जातीचा म्हणून एक रासायनिक गंध असतो. तो गंध जुळला नाही तर नर पुढे जातच नाही. हे पहिले कुलूप. नराच्या जननेंद्रियाची घडण जातीजातीत वेगळी, हे दुसरे. विणीचा हंगाम वेगळा असणे, हे तिसरे. आणि ही तिन्ही उघडली तरी दोन्हीकडच्या गुणसूत्रांतून गर्भ वाढला पाहिजे, हे चौथे. नाग आणि धामण यांच्यामध्ये हे शेवटचे कुलूप उघडणारी किल्ली नाही.

मात्र सापांत संकर होतच नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. जिथे नाते जवळचे असते, तिथे तो होतो. हे मला शिकवले ते माझ्या पुतणीच्या मुलाने. ती मंडळी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीजवळ राहतात. पोरगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याने काचेच्या पेटीत एक साप पाळला आहे. पुतणीने हे फोनवर सांगितले तेव्हा तिच्या आईने अमरावतीत दोन दिवस जेवण सोडले होते. पण तिकडे हा प्रकार अगदी साधा समजला जातो. त्या सापाला ‘गार्टर’ म्हणतात. गार्टर म्हणजे पायमोजे घसरू नयेत म्हणून बांधायची पट्टी. सापाच्या अंगावर लांबीच्या दिशेने पिवळसर पट्टे असतात, म्हणून हे नाव. हात-दीड हात लांबीचा, माणसाला अपाय न करणारा, गांडुळे, बेडूक, मासे खाणारा. अंडी न घालता थेट पिल्ले देतो. आपल्याकडची पट्ट्यापट्ट्यांची नानेटी आणि विहिरीत पोहणारी पाणदिवड ही त्याची दूरची भावंडे, एकाच उपकुळातली. तिकडच्या पोरांचा पहिला साप बहुधा हाच असतो.

एकदा व्हिडिओवर त्याने साप हातात घेऊन मला दाखवला आणि म्हणाला, ‘आजोबा, ही मिक्स्ड आहे. हिची आई एका जातीची, बाबा दुसऱ्या. मग हिला मी काय म्हणू?’

प्रश्न लहान मुलाचा होता, पण तो तिकडच्या शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. त्याच मिलवॉकीच्या परिसरात गार्टर सापांच्या दोन जाती एकमेकींच्या हद्दीत राहतात. एक ‘बटलर्स गार्टर’, मुख्यतः गांडुळांवर जगणारा छोटा साप. दुसरा ‘प्लेन्स गार्टर’, मिळेल ते खाणारा. दिसायला इतके सारखे की, जाणकारही फसतात. बटलर्स गार्टरला त्या राज्यात संरक्षण देण्यात आले होते. मग प्रश्न आला, जे साप आपण वाचवतो आहोत ते शुद्ध बटलर्स आहेत की संकरित? संकरित असतील तर त्यांच्यासाठी बांधकामे अडवायची का? अखेर शास्त्रज्ञांनी सापांच्या जनुकांची तपासणी केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले की, संकर होतो, हे खरे. तरीही दोन्ही जातींनी आपापले वेगळेपण टिकवून ठेवले आहे. शेजारच्या घराशी येणे-जाणे असावे आणि तरी दोन्ही घरांच्या चुली वेगळ्याच राहाव्यात, तसे काहीसे.

या सापांच्या गंधाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचे ठिकाण आहे. तिथे हिवाळाभर जमिनीखालच्या कपारींत झोपलेले गार्टर साप वसंतात हजारोंच्या संख्येने बाहेर येतात आणि एकेका मादीभोवती नरांचा अक्षरशः गुंडाळा होतो. याच सापांवर काम करून १९८९ साली शास्त्रज्ञांनी मादीच्या कातडीवरचा तो ओळखीचा रासायनिक गंध शोधून काढला. एवढ्या झुंबडीतही नराची जीभ गंध पारखून घेते.

पाळीव सापांच्या पेटीत मात्र ही निवड राहत नाही. तिथे जोडीदार माणूस ठरवतो. अमेरिकेत ‘कॉर्न स्नेक’ आणि ‘किंग स्नेक’ या दोन वेगळ्या प्रजातींतल्या सापांचा संकर पाळणाऱ्यांनी घडवून आणला आहे आणि त्यांच्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात. किंग स्नेक हा साप खाणारा साप. मोकळ्या रानात या दोघांची गाठ पडली असती तर काय झाले असते, ते वाचकांनी ओळखावे. आपल्या कपाशीचेही असेच नाही का? सायंकाळी फुलातले पुंकेसर हाताने खुडायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे, आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. हजारो बायकांच्या बोटांनी हे काम केले तेव्हा संकरित सरकी तयार झाली. संकर जेव्हा असा घाऊक प्रमाणात दिसतो, तेव्हा त्यामागे माणसाची बोटे शोधावीत.

तिकडच्या साप पाळणाऱ्यांत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, नवे रंग मिळतात, पिल्ले काटक निघतात, बिघडले कुठे? दुसरा म्हणतो, आज तुम्ही चिठ्ठी लावून विकाल, दहा वर्षांनी चौथ्या हाताला गेलेल्या सापावर ती चिठ्ठी राहील का? ‘सॅन फ्रान्सिस्को गार्टर’ नावाचा अतिशय सुंदर, लाल-निळा साप १९६७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. पेट्यांमधून वाढवलेल्या अशा सापांत जवळच्या दुसऱ्या जातीचे रक्त शिरले, तर उद्या रानात सोडायला म्हणून ते कामाचे राहणार नाहीत. त्यात आणखी गुंता असा की, गार्टर मादी नराचे बीज अंगात साठवून ठेवू शकते आणि एका वितीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. क्वचित प्रसंगी नराशिवायही पिल्ले झाल्याची नोंद आहे. तेव्हा ‘हिचा बाप अमुक’ असे विकणाऱ्याने सांगितले, तरी त्यावर डोळे मिटून सही करू नये. बँकेतला माणूस दुसरे काय सांगणार! त्या पोराला मी म्हटले, ‘बाळा, तिला तू तिच्या नावाने हाक मार. जातीच्या रकान्यात मात्र दोन्ही नावे लिही आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेव.’

तिकडे खरा संकर आहे आणि तो ओळखायला प्रयोगशाळा लागते. आपल्याकडे मुळात नसलेला संकर साऱ्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा फरक मला नंतर बरेच दिवस सतावत राहिला.

साप पाळणे आपल्याकडेही नवे नाही. माझ्या लहानपणी अमरावतीच्या गल्ल्यांतून गारुडी यायचे. त्यांच्या एका टोपलीत नाग, दुसरीत धामण, तिसरीत मांडूळ. टोपली उघडताना गारुडी ज्या गोष्टी सांगे, त्यांत ‘ही नागोबाची घरधनीण’ हे वाक्य ठरलेले. नाग-धामणीचे लग्न व्याकरणाने ठरवले असेल, पण त्याच्या पत्रिका गावोगाव वाटल्या त्या गारुड्याने. नागाचे दात पाडलेले असत, तोंडे कधी शिवलेली असत आणि नागपंचमीच्या आधी तहानेने व्याकूळ केलेला तो जीव समोर आलेले दूध पाण्यासारखा पिई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे खेळ हळूहळू थांबले. गारुड्याचे पोट मात्र कायद्याने भरून दिले नाही, हेही नोंदवले पाहिजे. तमिळनाडूत इरुला या साप पकडणाऱ्या जमातीने १९७८ साली सहकारी संस्था काढली आणि प्रतिविष लस तयार करण्यासाठी लागणारे विष पुरवण्याचे काम आपल्या हाती घेतले. आपल्याकडच्या गारुड्यांच्या वाट्याला असे काही आले असते, तर त्यांच्या हातातले कसब असे वाया गेले नसते.

आता टोपली गेली आणि काचपेटी आली. आपल्या मोठ्या शहरांतून परदेशी अजगर आणि कॉर्न स्नेक पाळले जाऊ लागले आहेत. २०२० साली केंद्र सरकारने अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींचे प्राणी पाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते. त्यांना झालेली पिल्लेही कळवावी लागतात. म्हणजे पिल्लांची जन्मनोंद आली. ‘बॉल पायथन’ या आफ्रिकी अजगराचा ‘स्पायडर’ नावाचा एक नक्षीदार प्रकार पैदास करणाऱ्यांनी लोकप्रिय केला. त्या नक्षीबरोबर मेंदूचा दोषही येतो. त्या सापाचे डोके डुगडुगते, त्याला भक्ष्यावर धड नेम धरता येत नाही. इंग्लंडमधल्या एका सर्पप्रेमी संस्थेने २०१८ पासून आपल्या मेळाव्यांत त्याची विक्री बंद केली. हा दोष पैदास करणाऱ्या माणसाच्या हौशीचा. भोगतो मात्र साप. आणि आपल्या देशातला नाग, धामण, मांडूळ यांपैकी कोणताही साप घरी पाळणे हा गुन्हा आहे, हे अजून कित्येकांना ठाऊक नाही. गुप्तधनाच्या आशेने ‘डबल इंजन’ म्हणून मांडुळांचे सौदे करणारे लोक आजही पकडले जातात.

हे सारे मी गमतीने लिहितो आहे, असे कोणाला वाटेल. गंमत वावराच्या धुऱ्यावर संपते. नाग-धामणीच्या संकराची ही गोष्ट दोन बाजूंनी जीव घेते.

पहिली बाजू धामणीची. ती नागाची बायको म्हणून मरते, तिची पिल्ले ‘हायब्रीड’ म्हणून मरतात. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, नाकात शेपटी घालून माणूस मारते, असे आणखी आळ तिच्यावर आहेतच. तिच्या तोंडाची रचना पाहिली तर तिला दूध ओढताच येणार नाही, हे कळते. इतके बारीक दात सडाला लागले तर गाय उभी राहील का? ती खरोखर खाते ते उंदीर. बिळात शिरून खाते. तूर, सोयाबीन, हरभरा, कोठारातले धान्य यांना उंदीर लागला की आपण विषाच्या गोळ्या आणतो. जी बाई फुकट राखण करते तिला काठीने मारायचे आणि मग राखणदारीसाठी दुकानातून विष विकत आणायचे, हा हिशेब कुठल्याही खातेवहीत जमेला बसत नाही.

दुसरी बाजू माणसाची. अकोट तालुक्यातल्या एका गावात मी वसुलीसाठी गेलो होतो, त्या दिवशीची ही हकीकत. एका सालदाराला कुटार काढताना साप चावला. सापाने फणा काढला नव्हता. गावातल्या जाणत्याने मेलेला साप पाहिला आणि निकाल दिला, ‘नागाकडून झालेली धामन हाय. अर्धं ईख राह्यते. लिंबाचा पाला चारा, उतरून जाईन.’ पाला चारला. कडू लागतो म्हणाला, म्हणून सारे निर्धास्त झाले. तासाभराने त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणे ओढले जाऊ लागले. तेव्हा कुठे बैलगाडी सोडून कोणाची तरी जीप आणली. रुग्णालयात लस मिळाली, माणूस वाचला. पण हाताची दोन बोटे सडून गेली. तो साप नाग होता. पुरता नाग. ‘अर्धे विष’ नावाची वस्तू त्या जाणत्याच्या मनातच होती, आणि ती तिथे आली होती संकराच्या गोष्टीतून.

बिनविषारी धामण चावलेला माणूस पाला खाऊन बरा होतो, कारण त्याला काही झालेलेच नसते. मग पाल्याची कीर्ती वाढते. त्या कीर्तीवर विसंबून नाग, मण्यार किंवा घोणस चावलेला माणूस तिथेच बसून राहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की, २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आराखडा चांगला आहे. पण कुटाराच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या जाणत्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे.

म्हणून रविवारी सकाळी चहाबरोबर हे वाचणाऱ्या घरांना माझे सांगणे थोडकेच आहे. ते आपल्या गावाकडच्या नातेवाइकांना फोनवर सांगावे. साप चावला तर तो कोणता, यावर पंचायत भरवू नये. चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालते. त्यासाठी मेलेला साप सोबत नेण्याची गरज नाही.

आणि धुऱ्यावर दोन साप पीळ घालून डोलताना दिसले तर दहा पावलांवर उभे राहून पोराबाळांना दाखवावेत. नवे कापड घरीच ठेवावे, काठीही. त्यांची कुस्ती संपते, हरलेला एका दिशेने जातो, जिंकलेला दुसऱ्या. थोड्या वेळाने त्यांतला एखादा उंदराच्या बिळात शिरताना दिसेल. तिथे त्याचे काम असते.